झालं म्हटल्यावर अर्धा मिनिट

प्रल्हाद, तुझं मशीन चालू झालं.

ही बातमी सगळ्यात आधी तुला द्यायची होती आणि नेमका तूच नाहीस. बाकी कुणाला सांगून उपयोग काय? घरी सांगितलं तर आमची ही म्हणाली, बरं झालं, आता जेवून घ्या.

बुधवारी सकाळी वहिनींचा फोन आला, त्यानंतर काय काय झालं ते तुला सांगत बसत नाही. तुला ते आवडायचंही नाही. कुणी गेल्यावरच्या सभेत माणूस उभा राहून जन्म कुठला, नोकरी कुठली, मुलं किती, असं वाचायला लागला की तू मान खाली घालायचास. म्हणायचास, हे तर रेशनकार्डावर पण असतं, त्याला मी मशीन कशाला लावू?

गुरुवारी मी रिपेरिंगचं दुकान उघडलं. उघडायला नको होतं, पण गुरुवार म्हणजे तुझा वार, पायांना सवय. स्टूल पुसून बाहेर ठेवलं आणि मग लक्षात आलं. तेवढ्यात शेजारच्या हरीसाईंनी नेहमीसारखे दोन चहा पाठवले. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. थोड्या वेळाने गिऱ्हाईक नाही बघून ते स्वतःच आले, शिलाई मशीनच्या तेलाचे हात पुसत, आणि म्हणाले, "तेरा यार नहीं आया आज?" मी सांगितलं. ते तुझ्या स्टुलावर बसायला गेले आणि बसले नाहीत. उभ्या उभ्याच परत गेले. दुसरा चहा तसाच साय धरून बसला. शेवटी मीच प्यायलो, थंडगार.

तुझं ते मशीन माझ्या कपाटात वरच्या फळीवर होतं. सात महिने. खोटं बोलणार नाही, त्या सात महिन्यांत मी ते तीनदाच खाली काढलं, तेही तू समोर बसून कटकट केलीस म्हणून.

तुझं काम जगावेगळं होतं. तुमच्या बौद्ध लोकांत पुण्यानुमोदनाला लोक उभे राहून गेलेल्या माणसाबद्दल बोलतात, ते तू टिपून ठेवायचास. आधी कॅसेटवर. मग तुझ्या मेव्हण्याने जहाजावरून उतरताना ते मिनीडिस्कचं मशीन आणून दिलं, खिशात मावेल एवढं, आत तळहाताएवढी चौकोनी डिस्क. कुणी बोलावलं नाही तरी जायचास. कात्रपपासून वांगणीपर्यंत कुणाकडेही. स्कूटरच्या डिकीत मशीन, खांद्याला माइकची पिशवी. मागच्या सीटवर वहिनी, सभेतही तुझ्या शेजारी. सभा संपली की डिस्कच्या कडेची ती बारीक सरक-पट्टी सरकवायचास, म्हणजे त्यावर पुन्हा कुणी चुकूनही काही भरू नये. कुलूप लावलं, म्हणायचास. मग गुरुवारी माझ्याकडे येऊन त्याची पेनड्राइव्हवर कॉपी, घरच्यांना ऐकायला. आणि डिस्कही त्यांच्याच हातात, जपून ठेवायला. कॉपीला जेवढं रेकॉर्डिंग तेवढाच वेळ लागायचा, त्यामुळे आपण दोघं ते सगळं ऐकायचो. मी न बघितलेल्या किती माणसांबद्दल मला किती माहीत आहे. चिखलोलीची ती अंगणवाडीची बाई, जी स्वतःच्या मुलाला रागावताना पण अहोजाहो करायची. मोरिवलीचा तो वेल्डर.

मी म्हणायचो, मोबाईलवर कर की बाबा, आता कोण डिस्क वापरतं? तू म्हणायचास, मोबाईलवर मध्येच कुणाचा तरी फोन येतो. आणि मेमरी भरली की पोरं पहिलं हेच उडवतात. हातात द्यायला वस्तू पाहिजे.

तुझी एक खोड होती. माणूस बोलून बोलून शेवटी "झालं" म्हणायचा, आणि तू बटण दाबायचा नाहीस. हळूच विचारायचास, "अजून काही राहिलं का?" तो म्हणायचा, नाही, झालं. तरी तू दाबायचा नाहीस. अर्धा मिनिट थांबायचास. तुझं म्हणणं, माणूस झालं म्हटल्यावर खरं बोलायला लागतो, त्याच्या आधी नुसतं भाषण असतं.

मला हे नाटक वाटायचं. मग माझी आई गेली. तू आमच्या दहाव्याला आलास, नदीवर. आम्ही आगरी लोकं, आमच्याकडे कीर्तन असतं, कुणी पुढारी दोन शब्द बोलतो, बायाबापड्यांना कोण विचारतो? तू माझ्या काकूसमोर जाऊन बसलास. काकू म्हणाली, मना काय बोलता येत नाय, वहिनी चांगली होती, झाला. तू विचारलंस, राहिलं का काही? नाय म्हणाली. तू माइक धरून तसाच. मला लाज वाटायला लागली, म्हटलं म्हातारीला सोड आता. आणि मग ती म्हणाली, "तिनी मना लग्नान तिची साडी दिलती नेसाला. मी परत नाय केली. तिनी पन कवा मांगली नाय."

एवढंच. तेवढ्या एका वाक्यात माझी आई आहे. बाकीचं कीर्तन कुणाला आठवतंय? तुझे आभार मानायचे राहिले ते राहिलेच. त्या दिवशी मी तुला फक्त म्हणालो, जेवल्याशिवाय जाऊ नकोस.

तर ते मशीन. मागच्या उन्हाळ्यानंतर ते बिघडलं. कुठलीही डिस्क घाल, रेकॉर्डचं बटण दाब, काचेवर एकच शब्द यायचा: प्रोटेक्टेड. म्हणजे डिस्कला कुलूप आहे, भरता येणार नाही. तू पट्टी सरकवून सरकवून दाखवायचास, बघ, कुलूप उघडं आहे. वाजवायला मशीन ठणठणीत. भरायला तयार नाही. तू म्हणालास, "जनू, हे मशीन खोटं बोलतंय."

आणि मी काय म्हणालो, ते मला चांगलं आठवतं. म्हणालो, चाळीस वर्षं दुकान चालवतोय, मशीन कधी खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. तुझ्या डिस्का जुन्या झाल्या. तू दुसरी डिस्क आणलीस. मी म्हटलं, ही पण जुनी. मग म्हटलं, डिकीत ठेवतोस, उन्हात पाव भाजल्यासारखं मशीन भाजतं, दुसरं काय होणार? वर वर लेन्स पुसली, फुंकर मारली, परत फळीवर ठेवलं. खालचं झाकण उघडलंच नाही. स्क्रू तांदळाच्या कणीएवढे, माझा चष्मा आता तसल्या कामाला पुरत नाही, आणि हे तुझ्यासमोर कबूल करायचं माझ्या जिवावर यायचं. एवढा टीव्ही, व्हीसीआर खोलून फेकणारा मी.

पण फक्त चष्म्याचं कारण नव्हतं. पावसाळ्यात एक दिवस तू स्टुलावर बसल्या बसल्या म्हणालास, एवढ्या लोकांबद्दल ऐकलं, आपल्याबद्दल लोक काय बोलतील ते ऐकायचं राहूनच जाणार. मी म्हटलं, सगळ्यांचंच राहतं. तर तू म्हणालास, "तू बोल ना. मी गेल्यावर जे बोलणार आहेस ते आत्ता बोल. मी समोर बसतो, गप्प बसतो."

मी हसलो. आधी मशीन तर चालू होऊ दे म्हणालो. तूही हसलास. पण पुढच्या गुरुवारी तू परत विचारलंस, त्याच्या पुढच्याही. चेष्टेत घ्यायचास, पण विचारायचास. मध्ये छातीत दुखून ॲडमिट झालास, घरी आल्यावर तर पहिलं तेच. मला घाम फुटायचा रे. तोंडावर कुणाचं चांगलं बोलायची आपल्याला सवय आहे का? शिव्या दे म्हटलं असतंस तर तासभर दिल्या असत्या. तेव्हा ते मशीन फळीवर बिघडलेलं बरं होतं मला. हे आज पहिल्यांदा सांगतोय.

शुक्रवारी वहिनींनी निरोप पाठवला, रविवारी विहारात पुण्यानुमोदन आहे, मशीन घेऊन या. घेऊन या म्हणाल्या, चालू आहे का असं विचारलंच नाही. मी फोन ठेवला. ज्या माणसाने सगळ्यांचं टिपून ठेवलं त्याच्याच सभेत मशीन फळीवर.

शनिवारी सकाळी शटर अर्धं खाली घेतलं. हरीसाईंकडून त्यांची सुईत दोरा ओवायची मोठी भिंगाची काच मागून आणली. टेबलावर पांढरा रुमाल पसरला, स्क्रू हरवू नयेत म्हणून, आणि एकेक काढला. एक स्क्रू उडालाच, अर्धा तास लादीवर गुडघे टेकून शोधला. खालचं झाकण निघालं. कागदासारखी एक वायरची पट्टी असते, ती तुटली तर खेळ खलास. ती बाजूला केली.

तिथे एक पिन आहे, प्रल्हाद. साळीच्या कुसाएवढी. डिस्कच्या कुलपाची पट्टी भोकावर असली की ती पिन दाबली जाते, खाली पत्रीला पत्री टेकते, आणि मशीनला कळतं की भरायला हरकत नाही. भोक उघडं असलं की पिन वरच राहते, मशीन म्हणतं प्रोटेक्टेड. बस, एवढंच त्याला कळतं. बिचाऱ्याला डोळे थोडेच आहेत?

मी काडीने पिन दाबली. दबत होती. पण खाली पत्रीला पत्री टेकत नव्हती. मध्ये काहीतरी होतं. भिंग धरून बघितलं तर पिवळट, चिकट थर, त्यावर धूळ बसलेली. काडीने उचललं तर तार सुटली. मी ते बोटांत घेऊन चोळलं आणि मग मला कळलं ते काय आहे. चाळीस वर्षं बोटांना लागतंय ते. सेलोटेपचा डिंक.

तुझी ती रोजची डिस्क आठवते? तालमीची म्हणायचास, माइक तपासायला वापरायचास. तिची सरक-पट्टी तुटून पडली होती, भोक उघडं राहिलं होतं. गेल्या वर्षी उन्हाळा लागायच्या आधी तू ती घेऊन आलास. मी म्हटलं हात्तिच्या, यात काय आहे. कॅसेटचं कोपऱ्यातलं बारीक पान मोडलं असेल तर आपण काय करायचो? भोकावर टेपचा तुकडा. मी टेप लावली, नखाने दाबून बसवली. मशीन चालू. कॉलर ताठ करून म्हणालो, बघ, कंपनीच्या इंजिनियरला सुचलं नसतं. तूही मान डोलावलीस. आपण कॅसेटवाली माणसं, आपल्याला भोक दिसलं की टेपच सुचणार. कॅसेटच्या मशीनमध्ये काही बिघडत नव्हतं, तिथे सगळं अंगठ्याएवढं मोठं. इथे डिकीतल्या उन्हात डिंक वितळला, कडेने पाझरला, पिनेवरून आत उतरला. त्यानंतर कुठलीही डिस्क घाल, मशीनला सगळ्यांनाच कुलूप लावलेलं दिसत होतं.

म्हणजे तुझं मशीन मी बिघडवलं. मी बिघडवलं आणि सात महिने तुझ्या डिस्कांना, तुझ्या डिकीला, तुझ्या हातांना नावं ठेवली.

मोबाईलवाले वापरतात ते स्पिरिट ब्रशने लावलं. पिन काडीने दाबली, सोडली, दाबली, सोडली. परत स्पिरिट. कापसावर पिवळा डाग आला, मग फिकट झाला, मग काही नाही. सगळं जोडलं, कोरी डिस्क घातली, बटण दाबलं. लाल अक्षर आलं, आकडे पळायला लागले. एक, दोन, तीन. पाऊण तासाचं काम होतं, प्रल्हाद. स्क्रू शोधायचा अर्धा तास धरून सव्वा तास.

रविवारी कात्रपच्या विहारात गर्दी होती. तू कधी मोजायचा नाहीस, मीही मोजली नाही. त्रिशरण-पंचशील झालं, मेणबत्त्या लावल्या. मी तुझ्या जागेवर बसलो, खांबाशेजारी, मांडीवर मशीन. सगळ्यांना माहीत होतं ती जागा कुणाची. सगळ्यांनी सरकून जागा दिली. तुझ्या कंपनीतले दोघं बोलले, सोसायटीचे बोलले, तुझी भाची बोलताना रडली. मी प्रत्येकाला विचारायचा प्रयत्न केला, राहिलं का काही, पण माझ्या तोंडून ते निघेना. प्रत्येकाचं झालं की झालं. मी बटण दाबत गेलो.

शेवटी माझं नाव घेतलं. मी उभा राहिलो, माइक स्वतःच हातात धरला. काय बोललो? तू चांगला होतास म्हणालो. सगळ्यांच्या अडीअडचणीला धावून जायचास म्हणालो. गुरुवारी यायचास म्हणालो. काकूपेक्षा वाईट बोललो. मग म्हणालो, झालं, आणि बसायला वळलो.

पुढच्या रांगेतून वहिनींचा आवाज आला. अगदी तुझ्यासारखाच, हळू.

"जनूभाऊजी, अजून काही राहिलं का?"

इतकी वर्षं तुझ्या शेजारी बसून त्यांच्या जिभेवर बसलेलं असणार. आपण बोललो हे त्यांचं त्यांनाच उशिरा कळलं असावं, कारण लगेच त्यांनी पदर तोंडाला लावला. मी म्हणालो, नाही वहिनी, झालं. आणि तसाच उभा राहिलो. आकडे पळत होते.

मग मी सांगितलं. सगळ्यांसमोर. म्हटलं, ते मशीन मी बिघडवलं होतं. माझ्या टेपने. त्याला वाटत होतं मशीन खोटं बोलतंय, तो बरोबर होता, मी त्याला सात महिने खोटं पाडलं. त्याला माझ्या तोंडून त्याच्याबद्दल ऐकायचं होतं आणि मी मशीनचं निमित्त करून टाळलं. तो माझा एकच मित्र होता. एवढं बोललो आणि बसलो.

कार्यक्रम संपल्यावर मी डिस्क काढली, पट्टी सरकवून कुलूप लावलं आणि चपलांपाशी वहिनींच्या हातात दिली, तू द्यायचास तशी दोन्ही हातांनी. त्यांनी ती धरून ठेवली. म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना माहीत होतं. ती टेप त्यांनीच सोलली होती, घरी खिडकीत बसून, तेव्हाच डिंक ओघळलेला दिसला त्यांना. मी म्हटलं, सांगा की त्यांना. तर म्हणाले, त्याचं त्याला कळेल, थांबू या थोडं."

थांबू या थोडं! अरे, सात महिने थांबतात का? एकदा म्हणाला असतास, जनू, तुझीच टेप आहे, तर मी भांडलो असतो, आठ दिवस बोललो नसतो, पण उघडलं असतं ना मशीन. काकूला अर्धा मिनिट दिलास आणि मला सात महिने? मी एवढा निबर वाटलो तुला? की मी भांडून गुरुवार मोडेन असं वाटलं? मला राग आलाय तुझा. कात्रपहून घरी येईपर्यंत रागच होता. पायरी चढताना रडायला आलं.

मशीन वहिनींनी परत मलाच दिलं. ठेवा, म्हणाल्या, आमच्याकडे कोण वापरणार.

आज गुरुवार. हरीसाईंनी एकच चहा पाठवला. मी स्टूल बाहेर ठेवलं आणि त्यावर मशीन ठेवलं, कोरी डिस्क घालून. भरायला कुणी नाही. कुणाच्या सभेला मी एकटा जाईन असं मला वाटत नाही, मला तुझ्यासारखं विचारता येत नाही. पण चालू आहे का ते बघायला बटण दाबलं. लाल अक्षर आलं, आकडे पळायला लागले. गल्लीत टेम्पो मागे घेत होते, शेजारी हरीसाईंची मशीन टकटक करत होती. मी माइक स्टुलाकडे वळवला आणि तुला विचारलं, अजून काही राहिलं का?

मग अर्धा मिनिट थांबलो. मग अजून थोडा थांबलो.